दुसऱ्या खेपेचं वाजवणं

भरल्या ताटावरून अर्धपोटी उठावं, तसा जावई निकांद्रो चेंबालोच्या पेटीवरून उठायचा. त्याच्या सासूला, दोन्ना कार्मोझिनाला संताप होता तो याचाच. सोनाटा या रचनेचे भाग दोन, आणि प्रत्येक भाग दोनदा वाजवायचा, ही रीत नेपल्समधल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. पहिल्यांदा लिहिलाय तसा, दुसऱ्यांदा आपल्या मनाच्या मुरक्या घालून. निकांद्रो मात्र दोन्ही भाग एकेकदाच वाजवी आणि झाकण लावून मोकळा होई.

लेक तेओदोरा होती तेव्हा असं नव्हतं. सोनाटा नवऱ्यानं लिहिलेला, पण वाजवायची ती. दुसऱ्या खेपेला तिची बोटं अशा काही खोड्या काढत, की गल्लीतला मासेवाला डोक्यावरची टोपली सावरत तसाच उभा राही. ती बाळंतपणात गेली, मागोमाग बाळही गेलं. पण लेकीची ती दुसरी खेप तरी तिच्या नवऱ्याच्या हातात उरली असेल, या आशेवर कार्मोझिनानं वर्ष काढलं होतं. आणि उद्या हा लिस्बनच्या जहाजात बसणार, कुणा सरदाराच्या मुलींना शिकवायला.

तिनं साफ करायला घेतलेली मासळी तशीच ठेवली, हात पुसले आणि खुर्ची ओढून चेंबालोशेजारी बसली.

"जावईबापू, आज दोनदा वाजवा."

"आई, तिकडे आता एकदाच वाजवतात म्हणे."

"तिकडे पोचलात की तिकडची सोंगं करा. आत्ता माझ्या घरात आहात. वाजवा, ती वाजवायची तसं."

निकांद्रोनं पहिला भाग वाजवला. मग तोच पुन्हा धरला. सूर जसेच्या तसे, कोरडे. मध्येच एक मुरकी आली, तीही भीत भीत आणि भलत्याच जागी. बोटं थांबली.

"मला येत नाही, आई. ती वाजवायची तेव्हा मी आतल्या खोलीत पुढचं लिहीत बसायचो. वाटायचं, कधीही ऐकू. घरातच तर आहे."

कार्मोझिनाच्या ओठांवर चांगली शिवी आली होती. त्याऐवजी तिनं ती चाल गुणगुणून पाहिली. वळणापर्यंत नीट आली, आणि तिथं तिलाही पुढचं सापडेना. तिनं पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. पुन्हा तिथंच अडलं. तेओदोरा वाजवत असताना स्वयंपाकघरातून ओरडण्याचा सगळ्यात मोठा आवाज कुणाचा यायचा, हे साऱ्या गल्लीला माहीत होतं.

निकांद्रोनं हळूच झाकणाला हात घातला. तिनं तो मनगटाशी धरला.

"निकांद्रो, तुझ्यासारखा करंटा मी पाहिला नाही. बायको भिंतीपलीकडे वाजवत होती आणि तू कागद काळे करत बसलास. आता जाशील तिथं दोनदाच वाजवायचं. दुसऱ्यांदा चुकलास तरी चालेल, लोक हसले तरी चालेल. ती जागा माझ्या लेकीची आहे. तिच्यावर झाकण लावायचं नाही."