दसऱ्याचा गेटपास

दसऱ्याच्या सकाळी तळोज्याच्या एका केमिकल कंपनीच्या गेटवर सुरक्षा अधिकारी कमलाकर पाटकरांनी यंत्रपूजेला आलेल्या पोटच्या मुलीला अडवलं.

"बाबा, मी आहे," अनुया म्हणाली.

"दिसतंय मला. ओळखपत्र?"

पर्स काल ऑफिसातच राहिली होती. आधार कार्डाचा फोटो मोबाइलमध्ये होता, पण फोटो चालत नव्हता. मूळ कार्डच हवं, असा नियम होता आणि तो कमलाकरांनी स्वतःच गेटवर लाल अक्षरांत लावला होता.

"सायब, तायला तरी सोडा ना," गेटवरचा प्रितम कळवळला. "आमी सगले वलखतो तिला."

"ओळख ही पळवाट आहे, प्रितम."

नव्या साडीच्या निऱ्या सावरत अनुया समोरच्या चहाच्या टपरीवर जाऊन बसली. बाप असा निघाला की मुलीला रागवायचीही सोय राहत नाही.

कमलाकर मुळात कडक होतेच, त्यात हल्ली भर पडली होती. धोकादायक रसायनं साठवणाऱ्या कंपन्यांच्या सुरक्षेची सरकारी तपासणी आता न सांगता होऊ लागली होती. मागच्या खेपेला तपासणीचाच एक माणूस भंगारवाला बनून मागच्या कुंपणातून आत आला आणि कंपनी नापास झाली. तेव्हा मॅनेजर सत्यजीतने गोड आवाजात सांगितलं होतं, "पाटकर, पुन्हा नापास झालो तर क्लोरीनचा परवाना जाईल. पण त्याच्या आधी तुम्ही जाल." रिटायरमेंट तोंडावर आलेली असताना असं कोण ऐकून घेईल? पण कमलाकरांनी ऐकून घेतलं. गेल्या वर्षी अनुयाने कंपनीच्या भिंतीपलीकडच्या टॉवरमध्ये फ्लॅट घेतला होता. क्लोरीनच्या शेडमधून मान वर केली की तिची बाल्कनी दिसायची. तिच्या वास्तुशांतीला या गृहस्थांनी जिलबी वाढता वाढता पाहुण्यांना समजावलं होतं, की कंपनीचा गॅसगळतीचा भोंगा वाजला तर पळत सुटायचं नाही. आधी वारा कुठून येतोय ते बघायचं आणि त्याला आडवं चालायचं. पाहुण्यांचं जिलबीवरचं मनच उडालं.

तर असा हा माणूस. तासाभराने गेटवर एक म्हातारे गृहस्थ आले. पांढरेशुभ्र केस, झब्बा, एका हातात पेढ्यांचा बॉक्स आणि दुसऱ्या हातात आपट्याची जुडी.

"घ्या सोनं," ते कमलाकरांना म्हणाले. "सोन्यासारखे राहा."

आता दसऱ्याच्या दिवशी वडीलधाऱ्या माणसाने सोनं पुढे केल्यावर आपण काय करतो? कमलाकरांनी तेच केलं. दोन्ही हातांनी पान घेतलं, वाकून नमस्कार केला, गळाभेट घेतली. कुणा कामगाराचे वडील असतील, पूजेला आले असतील. ज्याच्या पायाला आत्ता हात लावला, त्याच्याकडे लगेच कार्ड मागायचं? जीभच रेटेना.

"पूजा आतच आहे, काका. सरळ जा," असं म्हणून त्यांनी पेढा तोंडात टाकला.

आरती झाली, यंत्रांना हळदकुंकू लागलं. पूजेसाठी उघडलेल्या क्लोरीनच्या शेडला कुलूप घालायला कमलाकर स्वतः गेले. आत लोखंडी सिलिंडर रांगेने आडवे निजलेले होते. प्रत्येकावर झेंडूची माळ होती आणि मधल्या सिलिंडरच्या व्हॉल्व्हपाशी आपट्याचं एक पान खोचलेलं होतं.

व्हॉल्व्हला हात लावायचा नाही, हे इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं. म्हणजे हात बाहेरच्या माणसाचा. आणि बाहेरच्या माणसाला आत कुणी सोडलं, हे आठवताच पेढ्याची चव कडू झाली.

पान खिशात घातलं असतं तर कुणाला कळलंही नसतं. परवाना राहिला असता, नोकरी राहिली असती. कमलाकरांचा हात खिशाकडे गेलासुद्धा. तेवढ्यात मान वर झाली. अनुयाच्या बाल्कनीत झेंडूचं तोरण हलत होतं, आणि वारा शेडकडून तिकडेच वाहत होता. कमलाकरांना भीती वाटली, साधी बापाला वाटते तशी.

त्यांनी भोंग्याचं बटण दाबलं.

प्रसादाच्या पत्रावळी तशाच टाकून सगळे मैदानात जमले. सत्यजीत धापा टाकत आला. "पाटकर, आज? शेठ आलेत!"

"शेडमध्ये बाहेरचा माणूस जाऊन आलाय," कमलाकर सगळ्यांदेखत म्हणाले. "गेटवर मीच त्याला सोडलं. कार्ड मागितलं नाही."

"का?"

"त्याने सोनं दिलं."

कुणी हसलं नाही. गर्दीतून पांढऱ्या केसांचे गृहस्थ पुढे आले. शिऱ्याने माखलेला हात रुमालाला पुसून त्यांनी झब्ब्याच्या खिशातून ओळखपत्र काढलं. सरकारने नेमलेले तपासनीस ते हेच.

"गेट नापास," ते म्हणाले. "ते मला लिहावंच लागेल. महिन्याभरात पुन्हा तपासणी होईल. तोवर परवाना राहू दे." मग सत्यजीतकडे वळून म्हणाले, "पान खिशात जातं की भोंगा वाजतो, एवढंच मला बघायचं होतं. बहुतेक ठिकाणी ते खिशात जातं. हा माणूस गेटवरून हलवू नका, हेही मी लिहिणार आहे."

सिलिंडर तपासून झाले. सगळं ठीक निघालं आणि भोंगा थांबला. कमलाकर ते पान हातात घेऊन गेटकडे जवळजवळ धावलेच. टपरी रिकामी होती. बाकावर अर्धा चहा तसाच होता. त्यांनी रस्त्यावर येऊन दोन्हीकडे पाहिलं.

मग रस्त्याच्या पार टोकाला घोळका दिसला. वाऱ्याला आडवं चालत गेलेला. पुढे टपरीवाला, दोन रिक्षावाले, सोसायटीतल्या बायका आणि सर्वांत मागे, कुणी राहिलं नाही ना बघत, अनुया. साडीचा पदर नाकाला लावलेला, डोळे रडून लाल झालेले.

"सगळ्यांना आणलं बाबा," ती म्हणाली. "तुम्ही तेवढे आत होतात."

कमलाकरांनी नुसतं पान पुढे केलं. "सोनं घे."

अनुयाने डोळे पुसले आणि हात आडवा धरला.

"आधी ओळखपत्र."

कमलाकरांनी गळ्यातलं कार्ड काढलं आणि दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरलं. तिने ते नीट वाचलं, फोटो आणि चेहरा ताडून पाहिला, आणि मगच बापाच्या गळ्यात पडली.