बाईने तीन म्हटलं की दोन

मूसब्रुगरांच्या दुकानात एक नियम होता आणि तो कुठेही लिहिलेला नव्हता. म्हाताऱ्या लिओनार्डने तो आपल्या मुलाला, वेंडेलीनला, सोळाव्या वर्षी शिकवला होता. स्क्रू कसा फिरवायचा हे शिकवायच्याही आधी. स्की घ्यायला येणाऱ्याला विचारायचं, बाबा रे, तू चालवतोस कसा? जपून चालवणारा एक, मधला दोन, बेफाम तो तीन. त्या उत्तरावर, वजनावर आणि वयावर बूट धरून ठेवणाऱ्या पकडीचा आकडा ठरतो. आकडा कमी असला तर पडताना स्की पायातून चटकन सुटते आणि हाड वाचतं. जास्त असला तर ती पाय सोडत नाही, वेगातल्या धक्क्यालाही. एवढं सांगून झालं की म्हातारा म्हणायचा, "पुरुष तीन म्हणाला तर त्याच्या बायकोला विचार. बाई तीन म्हणाली तर दोन लिही." आणि स्वतःच्याच विनोदावर दाढी हलेपर्यंत हसायचा.

म्हातारा गेला, दुकान राहिलं, नियमही राहिला. त्यातला बायकोला विचारायचा भाग तेवढा विसरला गेला. पुरुषांचं हे असंच असतं, सोयीचं तेवढं लक्षात राहतं.

वेंडेलीन आता अठ्ठावन्न वर्षांचा होता आणि ऑबरग्राटच्या सबंध खोऱ्यात त्याच्या हाताला मान होता. स्कीचं शेपूट जमिनीला टेकवायचं, टोक डाव्या हातात धरायचं आणि उजव्या तळव्याने मधोमध दाब द्यायचा. ती किती वाकते आणि कशी परत येते, एवढ्यावरून तो सांगायचा की ही अमक्याची. चुकायचा नाही. गावाला त्याचं कौतुक होतं आणि त्याला स्वतःला तर होतंच होतं.

नोव्हेंबरात बुर्गी आली. नोटबुर्गा थालर, वय चौपन्न, खोऱ्यातली धुराडी साफ करणारी. शाळेत वेंडेलीनच्या चार वर्ग मागे होती. प्रत्येक घराच्या छपरावर चढलेली, प्रत्येकाची काजळी पाहिलेली बाई; ती कशाला कुणाची भीड ठेवतेय? मला वेगाची जोडी हवी, म्हणाली, आणि कडक हवी. वेंडेलीनने सवयीने बायकांच्या रांगेतली एक काढून दिली. जांभळी, टोकावर फुलं. बुर्गीने ती टेकवली, तळव्याने दाबली. ती मुकाट्याने वाकली.

"ही शिजवून आणलीस का रे?" ती म्हणाली. "मी स्की मागितली वेंडेल, शेवया नाही."

तिला भिंतीवरची हवी होती. काळी, लांब, आत धातूचे दोन पत्रे घातलेली. शर्यतीतली तरणी पोरं असली जोडी नेत. वेंडेलीन समजावू लागला, की ही दमल्या पायाला माफ करत नाही, जरा मागे बसलीस की तुलाच फरफटत नेईल, आणि आता आपली वयंही काही... तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, उद्या सकाळी ही घेऊन वर चल, उतारावरच काय ते बोलू.

दुसऱ्या दिवशी वरच्या उतारावर त्याने जे पाहिलं त्याने त्याची बोलती बंद झाली. बुर्गी वळणावर स्कीची मनधरणी करत नव्हती, तिला कामाला लावत होती. कडक बर्फावर काळ्या जोडीची धार अशी बसत होती की मागे दोन बारीक रेघांपलीकडे काही उरत नव्हतं. तो धापा टाकत खाली पोचला तेव्हा तिचं अर्धं सफरचंद खाऊन झालं होतं. त्याने हात जोडले. त्याने त्या दिवशी मनापासून हार मानली हे खरं आहे. त्याच्या बाजूने सांगण्यासारखं तेवढंच आहे.

मग त्याने तिच्यासाठी जीव ओतून जोडी निवडली. भिंतीवरचीही नाही, तिच्याहून सात सेंटीमीटर लांब, कोठारातली, त्याच्या तळव्यालाही जेमतेम दाद देणारी. खोऱ्यात भेटेल त्याला सांगत सुटला, की बुर्गीची जोडी मी निवडली, बघाच यंदा.

यंदाचं काय ते सगळ्यांना माहीत होतं. जानेवारीतल्या तीन राजांच्या सणाला शिखरावरच्या झोपडीपासून चर्चच्या दारापर्यंत गावाची शर्यत होते. बाया, पुरुष, म्हातारे, सगळे एकाच घड्याळावर. सर्वांत वेगवान असेल त्याचं नाव ‘अस्वल’ नावाच्या खानावळीतल्या लाकडी फळीवर रंगवतात. वेंडेलीनचंही एका वर्षापुढे आहे. नव्वद वर्षांची फळी, आणि तिच्यावर एकाही बाईचं नाव नाही. बुर्गी तीनदा दुसरी आली होती आणि दोनदा शेवटच्या टप्प्यात स्की सुटून पडली होती. गुडघे आता शिडीच्या पायऱ्या मोजायला लागले होते. यंदा नाही तर कधीच नाही, हे तीच म्हणाली, आणि हसत म्हणाली नाही.

पकडी बसवायच्या दिवशी वेंडेलीनने कागद पुढे ओढला. वजन, उंची, वय, बुटाच्या तळव्याची लांबी. "कशी चालवतेस?" त्याने विचारलं, विचारायचं म्हणून.

"तीन. चार असेल तर चार लिही."

दोघं हसले. हसता हसता वेंडेलीनच्या हाताने दोन लिहिलं. त्यात त्याने काही ठरवलं नव्हतं. बेचाळीस वर्षांचा हात होता, त्याला डोक्याची गरज राहिली नव्हती. बुर्गीने न वाचता सही ठोकली. उस्तादाचं लिहिलेलं काय वाचायचं? साडेसहावर जायला हवा तो आकडा साडेपाचवर गेला.

शर्यतीच्या दिवशी वेंडेलीन चर्चपाशी उभा होता. त्याची बायको थेक्ला घरीच होती. ती शर्यत बघायला येत नसे; बारा वर्षांपूर्वी साध्या उतारावर तिच्या पायातली स्की सुटली, ती पडली, आणि त्यानंतर तिने स्कीला हात लावला नव्हता. लग्नाआधी ती वेंडेलीनला मागे टाकायची. आता कुणी तो विषय काढत नसे.

कर्ण्यावरून वेळा येत होत्या. अर्ध्या वाटेत बुर्गी सव्वा सेकंदाने पुढे. जंगलाच्या कडेला दीड. गर्दीतल्या बाया एकमेकींचे हात धरून उभ्या होत्या. लाकडाच्या गिरणीपाशी वाटेला एक गोठलेला उंचवटा आहे. तिथे ती आली, खाली वाकलेली, घट्ट, कुठेही चूक नाही. कडक स्कीने तो धक्का जसाच्या तसा बुटाला दिला, आणि डावी पकड उघडली. बस्स, एवढंच. बुर्गी एका पायावर दोन क्षण राहिली, मग जाळीवर जाऊन आदळली.

गळ्याखालचं हाड मोडलं होतं. तिला उचलून नेलं. सुटलेली स्की वेंडेलीननेच बर्फातून उपसली, आणि पकडीवरचा आकडा त्याला दिसला. आधी वाटलं, बर्फ लागलाय. अंगठ्याने पुसलं. साडेपाच. त्याने त्यावर हातमोजा ठेवला आणि तसाच, हातमोजा धरून, दुकानापर्यंत आला. कपाटातून तिचा कागद काढला. त्यावर त्याचंच ते सुबक, शेपूट वळवलेलं दोन होतं.

त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि मग माणसाने जे करू नये ते त्याने केलं. स्क्रू-ड्रायव्हर घेतला आणि आकडा फिरवून साडेसहावर आणून ठेवला.

खानावळीत गेला तेव्हा तिथे निकाल लागलेला होता. वय झालं, बाईला पुरुषांची स्की झेपते होय, हौसेला मोल नसतं, असं चाललं होतं. लोहार गेबहार्ड म्हणाला, तूच सांग वेंडेल, तू तिला समजावलं होतंस की नाही? वेंडेलीनने मान हलवली. समोर फळी होती, तिच्यावर त्याचं नाव होतं, आणि त्याने मान हलवली. दिलेली बिअर त्याच्याने संपेना.

दवाखान्यात भेटायला तो गेला नाही. थेक्ला जाऊन आली. म्हणाली, बुर्गी म्हणते माझीच चूक, मागे बसले असेन. आणि तू का येत नाहीस म्हणून विचारत होती. वेंडेलीन म्हणाला, काम आहे. हंगामात काम असतंच, त्यामुळे ते खोटंही नव्हतं, आणि म्हणूनच जास्त लाजिरवाणं होतं.

दहा दिवसांनी बुर्गी दुकानात आली. हात गळ्यात बांधलेला, चेहरा काजळीशिवाय उगाच परका दिसणारा. काखेत उजवी स्की. तिने ती गल्ल्यापाशी टेकवली.

"डावी तुझ्याकडेच आहे. जोडी विकून टाक," ती म्हणाली. "लोक म्हणतात ते काही खोटं नाही. मला वाटलं मला अजून येतं."

वेंडेलीनने डावी आणली. आता फक्त गप्प बसायचं होतं. एक शब्द बोलायचा नव्हता, जोडी भिंतीला लावायची होती आणि सगळं निभावलं असतं. पण चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं झालं, त्याने डावी जरा लांबच धरली. बुर्गीने ती चांगल्या हाताने ओढून उजवीशेजारी उभी केली. तीस वर्षं भट्ट्यांच्या आणि बॉयलरच्या तबकड्या वाचणारी बाई ती.

"हे वेगवेगळं का आहे?"

त्याने उजवीकडे पाहिलं. साडेपाच. डावीकडे पाहिलं. साडेसहा. उजवी तिच्याकडेच राहिली होती, हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. "पडताना फिरला असेल," तो म्हणाला.

पकडीचा स्क्रू पडताना फिरत नाही हे शाळेतल्या पोरालाही कळतं. बुर्गी त्याच्याकडे बघत राहिली, रागाने नव्हे, तो पुढे काय म्हणतो याची वाट पाहत, आणि ते त्याला सोसेना.

"मी फिरवला," तो म्हणाला. "शर्यतीनंतर. दोन्ही साडेपाचवर होत्या. तू तीन म्हणालीस आणि मी दोन लिहिलं. तू मागे बसली नव्हतीस, बुर्गी. मी बघत होतो. तुझं काही चुकलं नव्हतं."

ती बाकावर बसली. बंद पडलेल्या भट्टीपुढे बसावं तशी. मग म्हणाली, "मी पडल्या पडल्या दहा दिवस स्वतःला शिव्या घातल्या. का लिहिलंस?"

त्याने बापाचा नियम सांगितला. सांगताना त्याला पहिल्यांदाच तो ऐकू आला. त्यात हसण्यासारखं काहीही नव्हतं.

"आधीच्या दोन वेळी सुटल्या त्या?"

"मीच बसवल्या होत्या."

"आणि बाकीच्या बायांचं?"

त्याने कपाट उघडलं. खोऱ्यातल्या सगळ्या बाया तिथे होत्या, आडनावांच्या क्रमाने. नर्स, शिक्षिका, दुधाच्या गाडीवरची वेरेना, पाद्र्याची बहीण. सगळ्यांना दोन. काहींना एक.

"थेक्लाचा कागद काढ," बुर्गी म्हणाली.

तो म्हणाला, नको. ती पुन्हा म्हणाली, काढ. जिन्याचं दार उघडं होतं आणि थेक्ला कॉफीचा पेला घेऊन दारातच उभी होती. किती वेळची उभी होती कोण जाणे. वेंडेलीनने मूसब्रुगर आडनावाचा कप्पा ओढला. कागद बारा वर्षांपूर्वीचा निघाला. त्यावर दोन होतं, शेपूट वळवलेलं.

थेक्लाने पेला गल्ल्यावर ठेवला आणि कागद वाचला. "मी तीन म्हणाले होते," ती म्हणाली. "मला आठवतंय, कारण तू हसला होतास. आणि पडले तेव्हा तू मला उचलताना काय म्हणालास, ते आठवतं?"

आठवत होतं. तो म्हणाला होता, आता आपलं वय राहिलं नाही, थेक्ला. मोठ्या मायेने म्हणाला होता. कुठे तोंड लपवावं हे त्याला कळेना. दुकान त्याचं होतं, जाणार कुठे?

थेक्ला वर गेली. परत आली तेव्हा तिच्या खांद्यावर जुनी जोडी होती, पकडींवर माळ्याची धूळ. ती तिने कामाच्या बाकावर आडवी टाकली. बुर्गी म्हणाली, माझी विकायची नाही, तीही बाकावर घे. मग थेक्लाने ड्रॉवरमधून दोन कोरे कागद काढले, पेन त्यांच्यावर ठेवलं आणि सगळं नवऱ्यापुढे सरकवलं.

वेंडेलीन बसला. वजन, उंची, वय. मग तो त्या रकान्यापाशी आला. "कशी चालवतेस?" त्याने विचारलं.

थेक्लाने उत्तर दिलं. त्याने पेन टेकवलं. दोघींपैकी एकीचंही लक्ष त्याच्या तोंडाकडे नव्हतं. दोघी वाकून त्याच्या हाताकडे बघत होत्या.