मला पडलेली एकुलती एक खाच

मी तलवार बोलतेय. लगेच मागे सरकू नका, मी लाकडाची आहे. बाभळीची. चार फूट लांब, सरळ पात्याची, दोन्ही हातांनी धरायची. माझं सासर जर्मनीचं आणि माहेर मुरगूडचं. हे कसं जमलं ते सांगते, कारण मला पाहणारा प्रत्येक माणूस आधी तेच विचारतो आणि उत्तर ऐकून हसतो.

आधी मी एका बैलगाडीची दांडी होते. ऊस ओढला, चिखल पाहिला, बैलांच्या शिव्या मी खाल्ल्या. गाडी मोडीत निघाली तेव्हा मुरगूडच्या आकाराम सुतारांनी मला उचलून आणलं आणि शेडच्या आढ्यावर टाकून ठेवलं. तिथे मी दहा-बारा वर्षं पडून होते. खाली देव्हारे होत होते, पलंग होत होते, आणि माझ्याकडे कुणी वर मान करून बघत नव्हतं.

मग एके दिवशी कोल्हापुरातून एक गृहस्थ आले. चष्मा, खांद्याला लॅपटॉपची बॅग, हातात घडी घातलेलं चित्र. हे सौमित्र सर. राजारामपुरीत एका क्लासमध्ये अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवतात. आकारामनी चित्र उलटसुलट करून पाहिलं.

"कुणाला मारायचं हाय?"

"कुणालाच नाही. अभ्यासासाठी पाहिजे."

"मग एवढं जुनं लाकूड कशाला घालवताय? थर्माकोलची करून घ्या की."

"नाही हो, वजन आलं पाहिजे. टणक पाहिजे."

आकारामनी आढ्याकडे पाहिलं. शिडी लावून त्यांनी मला खाली घेतलं. चार दिवस रंधा चालला. जवसाचं तेल दोनदा पाजलं. मूठ घासताना ते स्वतःशीच म्हणाले, "बघू, लागतीया का कुठं." सरांना ते ऐकू गेलं नाही. मला गेलं.

आता सरांच्या विद्येबद्दल. पाचशे वर्षांपूर्वी जर्मनीतल्या एका तलवारबाजाने पुस्तक लिहिलं. त्यात घट्ट विजारी घातलेली माणसं तलवारी धरून उभी आहेत आणि शेजारी कविता आहेत. त्या कविता मुद्दाम अवघड लिहिल्या आहेत, म्हणजे आपली विद्या परक्याला कळू नये. हे खुद्द त्या गुरूनेच सुरुवातीला सांगून ठेवलंय. एवढं स्पष्ट सांगूनही सरांनी ते पुस्तक इंटरनेटवरून उतरवून घेतलं, मोबाइलकडून भाषांतर करून घेतलं, आणि कळलं असं जाहीर केलं. एका ओळीचं भाषांतर "कोंबडीला खालून पाठव" असं आलं होतं. सर त्या ओळीवर दीड तास बोलले.

शिकायला सुरुवातीला अकरा जण आले. महिनाभरात चार उरले. त्यातली एक वल्लरी. दातांची डॉक्टर, सरांच्याच गल्लीत दवाखाना. बाकीचे फोटो काढायला यायचे. ती घाम गाळायला यायची. पहिल्याच रविवारी तिने क्रिकेटचे ग्लोव्हज आणले, कारण बोटं गेली तर दवाखाना गेला, हे तिला पक्कं ठाऊक होतं. मी सरांच्या मालकीची, पण जास्त वेळ असायचे तिच्याच हातात. सरांना बोलायला दोन्ही हात मोकळे लागत.

जागेची अडचण होती. ती गणपतरावांनी सोडवली. गणपतराव म्हणजे पेठेतल्या तालमीचे वस्ताद. वय अडुसष्ट. घरी चार म्हशी, आणि तालमीत लाठी, दांडपट्टा आणि विटा, म्हणजे दोरीचा भाला, शिकवणं. त्यांनी तालमीमागचं पटांगण रविवारी सकाळी वापरायला दिलं. पहिल्या दिवशी ते कट्ट्यावर बसून ऐकत होते. सर पवित्र्यांची नावं सांगत होते : बैल, नांगर, छप्पर, मूर्ख. खरंच, त्या जर्मन गुरूने हीच नावं ठेवली आहेत.

"मास्तर," गणपतराव म्हणाले, "ह्ये तर समदं आमच्या रानातलंच हाय की. बैल हाय, नांगर हाय, छप्पर हाय. मूर्ख तेवढा तुमी भायेरनं आणलाईसा."

सर हसले नाहीत. ते वहीत काहीतरी लिहीत राहिले.

आता मुख्य गोष्ट. मोबाइलवर चित्रं बारीक दिसत, म्हणून सरांनी बारा पवित्र्यांचा मोठा फ्लेक्स करायचं ठरवलं. काम दिलं आदर्शला. आदर्श म्हणजे पेठेतला फ्लेक्सवाला. साहेबांचे वाढदिवस, निवडी, अभिनंदनं, सगळं त्याच्या कॉम्प्युटरवरून जातं. त्याच्या धंद्याचा एक नियम आहे. मधे साहेब मोठे, दोन्ही बाजूंना शुभेच्छुक बारीक, आणि प्रत्येक शुभेच्छुकाचं तोंड साहेबांकडे असलं पाहिजे. एखाद्याचं तोंड बाहेर गेलं की पेठेत चर्चा होते, ह्याचं आणि साहेबांचं बिनसलं म्हणून. मग फोटो कसाही काढलेला असो, आदर्श तो आरशातल्यासारखा उलटा फिरवून आत वळवतो.

इथेही त्याने तेच केलं. मधे खुर्चीवर बसलेला जर्मन गुरू मोठा केला, डावीकडे सहा पवित्रे, उजवीकडे सहा. पाच जण बाहेर बघत होते. आदर्शने त्या पाचही जणांना गुरूकडे फिरवलं. चित्र फिरलं की हातही फिरतो. सात लढवय्ये उजव्या हाताचे राहिले आणि पाच डावखुरे झाले.

छापण्याआधी सरांनी नमुना तपासला होता. मी तिथेच भिंतीला टेकून उभी होते. त्यांनी खालच्या कोपऱ्यातला स्वतःचा गॉगलवाला फोटो पाहिला, "मार्गदर्शक" या शब्दाचं शुद्धलेखन पाहिलं आणि मान डोलावली.

फ्लेक्स पटांगणात लागला. दुसऱ्याच रविवारी वल्लरीने विचारलं, "सर, चौथ्या पवित्र्यात उजवा हात पुढे आहे, पाचव्यात डावा. मधे हात कधी बदलायचा?"

सर म्हणाले, पुढच्या वेळी सांगतो. घरी गेल्यावर त्यांनी मला मांडीवर आडवी ठेवली, लॅपटॉप उघडला आणि मूळ पुस्तक पाहिलं. मग मोबाइलमधला फ्लेक्सचा फोटो. मग पुन्हा पुस्तक. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झालेल्या मी पाहिल्या. मला वाटलं, आता हे आदर्शला फोन करणार, दोन शिव्या घालणार आणि विषय संपणार. त्यांनी लॅपटॉप मिटला. पुढच्या रविवारी त्यांनी चौघांना समोर बसवून सांगितलं, "याला गुप्त हस्तबदल म्हणतात. युरोपातही फार थोड्यांच्या लक्षात आलंय."

त्यानंतर दोन वर्षं, ऐका, दोन वर्षं ही चार शहाणी माणसं दर रविवारी वाराच्या ऐन मधे मूठ सोडून हात बदलत होती. एका हातातून दुसऱ्या हातात जाताना क्षणभर मी कुणाचीच नसायचे. त्या क्षणाला समोरच्याने नुसती फुंकर मारली असती तरी मी पडले असते. पण समोर कुणी नसायचंच. सर एकमेकांशी लढू देत नसत. "अजून सातवा अध्याय बाकी आहे," म्हणायचे. सातव्या अध्यायानंतर आठवा निघाला. माझ्या अंगावर एक ओरखडा नव्हता. बैलगाडीत होते तेव्हा मी जास्त मार खाल्ला होता, आणि खरं सांगते, तेव्हा मला जास्त बरं वाटायचं.

वल्लरीने एकदा पुन्हा विचारलं, "सर, हात बदलताना माझं पोट उघडं पडतं. मूळ चित्र एकदा दाखवाल का?"

"मूळ ग्रंथ सगळ्यांनी बघायचा नसतो," सर म्हणाले. तिने मान खाली घालून पुन्हा हात बदलायला सुरुवात केली. मला सरांचा इतका राग कधी आला नव्हता. ही बाई आठवडाभर लोकांच्या दाढा उपटून रविवारी पहाटे उठून यायची, आणि तिला आपण जे शिकतोय ते खरं आहे का, एवढंच जाणून घ्यायचं होतं.

यंदा तालमीत पोरं वाढली. पटांगण अपुरं पडू लागलं. कमिटीतले लोक म्हणाले, ह्या जर्मनवाल्यांना काढा. गणपतरावांनी मधला मार्ग काढला. सरांना म्हणाले, "मास्तर, येत्या रैवारी एकदा माझ्यासंगं खेळून दावा. विद्या खरी असंल तर जागा तुमची. न्हायतर घरला जावा."

सरांनी आठवडाभर तयारी केली. म्हणजे भाषणाची. रविवारी सकाळी त्यांच्या मनगटाला क्रेप बँडेज होतं. "पाय घसरला," म्हणाले. ज्यांनी तीन वर्षांत मला धरून धावत दहा पावलं टाकली नाहीत, त्यांचा पाय घसरला. मग मला वल्लरीने उचललं. तिचे तळहात ग्लोव्हजच्या आत ओले झाले होते. डोक्यावर स्कूटरचं हेल्मेट.

समोर गणपतराव. हातात वेळूची काठी, टोकाला लोखंडी कडं. पेठ गोळा झाली होती. आदर्शसुद्धा आला होता, मोबाइलवर शूटिंग करत.

वल्लरी चौथ्या पवित्र्यातून पाचव्यात गेली. हात बदलला. काठी तिच्या बरगडीला लागली. गणपतरावांनी हलकेच लावली होती, पण लागली. पुन्हा उभी राहिली, पुन्हा हात बदलला, पुन्हा त्याच जागी काठी. लोक हसले. सर कट्ट्यावर बसून होते. दोन शब्द पुरेसे होते : हात बदलू नकोस. मी वाट पाहिली. सरांनी बँडेजची गाठ सोडली आणि पुन्हा बांधली.

"थांब पोरी," गणपतराव म्हणाले. "मधीच हात कशाला बदलतीस?"

"पुस्तकात आहे, वस्ताद."

"पुस्तकवाल्याला कुणी काठी घातली न्हवती का कवा?"

 वल्लरीने ग्लोव्हजच्या आत बोटं एकदा उघडून मिटली. तिसऱ्यांदा उभी राहिली तेव्हा तिची पकड वेगळी होती, ती मला लगेच कळली. मूठ कानाशी, टोक समोर, उजवा हात पुढे. बैल. काठी वरून आली. तिने हात बदलला नाही. आडवी होऊन मी ती काठी घेतली, लोखंडी कडं माझ्या धारेत घुसलं, तशीच पुढे सरकले आणि माझं टोक गणपतरावांच्या सदऱ्याच्या दुसऱ्या गुंडीवर जाऊन थांबलं. काय सांगू तुम्हाला! आयुष्यात पहिल्यांदा मी तलवार झाले. दुखलं, आणि इतकं बरं वाटलं.

"आता कसं!" गणपतराव ओरडले. "हिला म्हंत्यात लढाई! रैवार तुमचा, डॉक्टरीणबाई."

तेवढ्यात आदर्श पुढे आला. फ्लेक्सकडे बोट दाखवून म्हणाला, "ताई, हात बदलायचं ह्या डावखुऱ्यांवरनं शिकलाईसा व्हय? ती पाच जणं भायेर तोंड करून उभी हुती. मीच फिरवली. गुरूकडं पाठ बरी दिसत न्हाय."

पटांगणात कुणीच हसलं नाही. वल्लरीने हेल्मेट काढलं आणि सरांकडे वळली. "सर, तुम्हाला माहीत होतं?"

सर म्हणाले, "आधी चहा घेऊ या."

तिने मला त्यांच्या शेजारी कट्ट्यावर ठेवलं. सावकाश, आदळलं नाही. ते आदळण्यापेक्षा वाईट होतं. फ्लेक्स गणपतराव घरी घेऊन गेले. म्हशींचा कडबा झाकायला त्यांना एक हवाच होता. जर्मन गुरू, त्याचे बारा चेले आणि गॉगलवाले मार्गदर्शक आता तिथे आहेत.

पुढचे तीन रविवार सर गेले नाहीत. वल्लरी जात होती, तालमीतली काठी घेऊन. हे मला सरांच्या फोनवरच्या बोलण्यातून कळलं. मी त्यांच्या कपाटामागे होते. मग आज सकाळी त्यांनी मला गाडीला बांधलं आणि मुरगूडला आणलं. आकारामना म्हणाले, "एक खाच पडलीय. ती लांबीने बुजवून, घासून, पहिल्यासारखी करून द्या."

आकारामनी लांबीच्या लगद्याचा डबा उघडला, तो भरायची पत्री घेतली. मग अंगठा माझ्या खाचेवरून फिरवला. एकदा, पुन्हा एकदा. चेहरा उजळला त्यांचा.

"लागली व्हय शेवटी कुठंतरी?"

सरांनी तोंड उघडलं. मला वाटलं आता अध्याय सुरू होणार. पण ते माझ्याकडे बघत म्हणाले, "माझ्या हातून नाही, आकारामभाऊ. मी नुसताच बसून होतो. मला सगळं माहीत होतं."

तीन वर्षांत त्यांच्या तोंडून ऐकलेलं हे पहिलं वाक्य, ज्याला मोबाइलच्या भाषांतराची गरज नव्हती. माझा राग गेला असं म्हणणार नाही. थोडा कमी झाला.

आकारामनी डब्याचं झाकण लावलं. "मग तुमच्या हातनं एक लागूस्तवर ऱ्हाऊ दे ही खाच," म्हणाले, आणि मला सरांच्या हातात दिलं.

आता मी पुन्हा गाडीला बांधलेली आहे. उद्या रविवार आहे. सर कोल्हापूरच्या रस्त्याला लागलेत, पण पटांगणात जातील की नाही, वल्लरीसमोर उभे राहतील की नाही, मला ठाऊक नाही. वाटेत कुठे तुम्हाला दिसले, तर तेवढं एक करा. त्यांना माझी माहिती विचारू नका. विचारलीत तर ते गाडी थांबवून सांगत बसतील, आणि आमचा रविवार निघून जाईल.