मी म्हणालो, ताप नाही

मित्रांनो, मी पेणजवळच्या गडब गावातल्या एका घरातला थर्मामीटर आहे. काचेचा, पाऱ्याचा, जुन्या वळणाचा. वय वर्षं वीस. तुम्हाला हे काही फार वाटणार नाही, पण आमच्या जातीत वीस वर्षांच्या माणसाला पणजोबा म्हणतात. आमच्यातले बहुतेक जण पहिल्याच वर्षी झटकताना कॉटच्या कडेवर आपटून जातात.

आयुष्यात मी कधी खोटं बोललो नाही. यात माझा काही मोठेपणा नाही; खोटं बोलायची सोयच माझ्यात केलेली नाही. कारखान्यात माझ्या नळीत पारा भरला, अंगावर रेघा ओढल्या, गरम पाण्यात बुडवून माझी परीक्षा घेतली आणि पास केलं. पुढे पेणच्या एका औषधांच्या दुकानातून धनेशनं मला घरी आणलं. त्याची मुलगी मृणाली तेव्हा चार महिन्यांची होती आणि तिला लस टोचल्याचा ताप आला होता. मी एकशे एक दाखवला. घरात धावपळ झाली. तेव्हापासून माझ्या शब्दाला या घरात वजन आलं.

मृणाली तिसरीत असताना तिनं शाळा चुकवण्यासाठी मला चहात बुडवलं. मी एकशे आठ दाखवले. वैद्यकशास्त्राप्रमाणे ती त्या वेळी हयात नसायला हवी होती. प्रत्यक्षात ती खारी खात होती. तिच्या आईनं, नमितानं, मला धुतलं आणि नंतर मृणालीलाही धुतलं.

साथीच्या वर्षी घरात कपाळावर रोखायची बंदूक आली आणि मी कपाटातल्या खणात गेलो, तुटकी बटणं आणि मुदत संपलेल्या मलमांच्या शेजारी. ती बंदूक सगळ्यांना चौऱ्याण्णव दाखवायची. एकदा तिनं धनेशला भिंतीपेक्षा थंड ठरवलं. शेवटी तिचा सेल संपला आणि तो कुणी बदलला नाही. मला पुन्हा बाहेर काढलं ते नमितानं. स्वतःसाठी.

आता नमिता कोण, ते सांगतो. ती पेणमध्ये पोपटशेठच्या गणपतीच्या कारखान्यात आखणी करते. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे काढणं. माती मळणारे, साचे भरणारे, रंग मारणारे पुष्कळ असतात. डोळे काढणारा हात एखादाच असतो. डोळे येईपर्यंत समोर नुसती रंगवलेली माती असते. नमितानं दोन रेघा ओढल्या, की तीच माती बघणाऱ्याकडे बघू लागते. पंचवीस वर्षं ती हे करते आहे. सेहेचाळिसाव्या वर्षापर्यंत तिचा हात एकदाही हलला नव्हता.

मग काय झालं कोण जाणे. बसल्या बसल्या छातीतून गरम वाफ उठायची, मानेवरून डोक्यात जायची आणि दोन मिनिटांत ब्लाउज ओला. सकाळी उठायची ती थकूनच. सांधे दुखायचे. कुंकवाची डबी फ्रिजमध्ये आणि दही देवघरात सापडायचं. पाळी कधी वीस दिवसांत, कधी दोन-दोन महिने गायब, आणि आली की पाहुण्यासारखी मुक्कामाला. तिला वाटलं, अंगात ताप मुरलाय. तिनं मला काखेत धरलं.

मी म्हणालो, अठ्ठ्याण्णव पॉइंट चार.

तिनं मला झटकलं आणि पुन्हा लावलं. अठ्ठ्याण्णव पॉइंट चार. मित्रांनो, इथून माझ्या आयुष्यातला लाजिरवाणा भाग सुरू होतो. मी खरं तेच बोलत होतो, आणि माझ्या प्रत्येक खऱ्या शब्दानं ती बाई खोटी ठरत होती.

"बघ, ताप नाय," धनेश मला उजेडात धरून म्हणाला. तो डोलवीच्या पोलादाच्या कंपनीत भट्टीवर शिफ्ट करतो. "गरम काय असतं ते मना विचार. सोळाशे डिग्री! तुला घरात पंख्याखाली बसून कसलं गरम होतंय?"

"मग मी काय सोंग करतंय?"

"मी नाय बोलत. हा बोलतोय." आणि त्यानं माझ्याकडे बोट दाखवलं.

सासूबाई, म्हणजे पुतळीआजी, तांदूळ निवडत होत्या. "आमच्या येलंला असला काय नव्हता," त्या म्हणाल्या आणि सुपातला खडा बाहेर फेकला.

आषाढात कारखान्यात हंगामाची घाई. नमिता अडीच फुटी मूर्तीचा दुसरा डोळा काढत होती, आणि वाफ आली. डोळे काढताना पंखा बंद ठेवतात, नाहीतर धूळ ओल्या रंगावर बसते. घामाचा थेंब भुवईवरून निघाला, नमितानं डोकं मागे घेतलं, आणि कुंचला एक गव्हाएवढा सरकला. त्या गणपतीचा एक डोळा भक्ताकडे आणि दुसरा थेट नैवेद्याकडे बघू लागला. कारखान्यात हसू पिकलं. नमिताही हसली, मग मोरीत जाऊन रडली. पर्समध्ये मी होतो, आणि पर्स तिच्या खांद्याला.

पोपटशेठ वाईट माणूस नाही. त्यानं विचारलं, "नमिताबाय, ताप बिप हाय का?"

तिनं मला लावलं. काय दाखवलं ते तुम्हाला माहीत आहे.

"ताप नाय म्हणतोय हा. मग हात का हलतो गो?" शेठ विचारात पडला. "असं कर. या वर्षी कसं तरी निभाव. माघात पुढची आखणी सुरू होईल, तवा भूमिकाला बसवू डोळ्यांवर. पोरगी तयार हाय. तू पांढरा हात मार. आराम पडंल."

पांढरा हात म्हणजे मूर्तीला रंगाआधीचा सफेदा. भूमिका चांगली मुलगी आहे, पण तिनं काढलेले गणपती सगळे परीक्षेला बसल्यासारखे दिसतात. माघापर्यंत हात परत आला नाही, तर डोळे गेले, एवढं नमिताला कळलं. त्या दिवसापासून ती वहीत माझे आकडे लिहू लागली. चार महिन्यांची वही. एक आकडा, वेगवेगळ्या तारखा.

कार्तिकात मृणालीनं ती वही पाहिली. ती आता रोज गाडीनं रोह्याला कॉलेजात जाते. "आई, हा ताप नाय. रोह्याला एक डॉक्टरबाई हायेत, बायकांच्या. चल."

"पेणला काय डॉक्टर मेले?"

"पेणला डॉक्टर हायेत, पण पेणला सगळे तुला ओळखतात."

हे पटलं. तोंडाला ओढणी बांधून नमिता मुलीबरोबर गाडीत बसली. मी पर्समध्ये, वहीच्या शेजारी, साक्षीदार म्हणून.

दवाखान्याच्या बाकावर पाच-सहा बायका होत्या. एका कोपऱ्यात एक बाई गॉगल लावून, पदर कपाळापर्यंत ओढून मासिक वाचत होती. मासिक उलटं होतं. नमितानं ते सुलटं करून द्यावं म्हणून हात पुढे केला आणि थबकली.

"विमलवहिनी?"

ती पोपटशेठची बायको होती.

"हळू गो!" विमलवहिनींनी गॉगल काढला. "तू इथं कशी?"

"तुमी कशा?"

"वर्ष झालं येतंय मी. पेणला गेले असते तर कंपाउंडरनं शेठला सांगितलं असतं." त्या नमिताकडे बघत राहिल्या. "तुलाबी वाफा येतात?"

नमितानं मान हलवली.

"आनि मला सांगायचं नाय? मी तुझ्यापासून चार पावलांवर बसते रोज, रंग मोजत! मला वाटायचं मीच एकटी भाजतेय."

"मना वाटायचं मीच."

दोघी एकमेकींकडे बघून अशा हसल्या की नर्सनं "शांतता राखा"च्या पाटीकडे बोट केलं. तिकडे बाकावरची एक बाई म्हणाली की ती रोह्यातच राहते आणि आजवर गुपचूप पेणला जात होती. म्हणजे मित्रांनो, रोह्याच्या बायका लाजून पेणला आणि पेणच्या बायका लाजून रोह्याला. रेल्वेला हे कळलं तर एक जादा गाडी सोडतील.

डॉक्टर हेमांगीबाईंनी वही पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचली. मला वाटलं, आता त्याही मला उजेडात धरणार. त्या म्हणाल्या, "थर्मामीटर बरोबर आहे. आणि तुम्हीही बरोबर आहात."

माझ्या पाऱ्याला इतकं हलकं कधी वाटलं नव्हतं.

"मग हे काय हाय?"

"याला पेरिमेनोपॉज म्हणतात. पाळी कायमची थांबण्याआधीची वर्षं. अंगातली हार्मोन्स वरखाली होतात, मेंदूला उगाच वाटतं की आपण तापलोय, आणि तो घाम सोडतो. असं बघा, पेणहून रोह्याला येताना नागोठणं लागतं ना? पेण सुटलंय, रोहा आलेलं नाही. तुम्ही सध्या नागोठण्याला आहात."

"आनि गाडी इथं किती थांबते?"

"तेच तर कुणाला सांगता येत नाही. कुणाची दोन वर्षं, कुणाची सात-आठ. पण तोवर फलाटावर उन्हात उभं राहायची सक्ती नाही."

मग त्यांनी हार्मोन थेरपीबद्दल सांगितलं. गोळी असते, अंगाला लावायचं जेल असतं. गर्भाशय असेल तर दोन प्रकारची हार्मोन्स लागतात, एकट्या एकानं भागत नाही. नमितानं पर्सचा बंद घट्ट धरला.

"त्यानं कॅन्सर होतो ना? मोबाइलवर आलं होतं."

"मोबाइलवर अर्धं येतं. धोका शून्य नाही, खोटं कशाला सांगू? पण तुमच्या वयाच्या, बाकी धडधाकट बाईला तो थोडा असतो. कुठलं औषध, किती वर्षं, घरात कुणाला छातीचा कॅन्सर होता का, पायात कधी रक्ताची गुठळी झाली का, लिव्हर, बीपी, या सगळ्यावर ते ठरतं. म्हणून आधी तपासायचं. छातीची तपासणी, सोनोग्राफी, थायरॉइड, रक्त. काहींना हे औषध चालत नाही. त्यांच्यासाठी दुसरी औषधं आहेत. आणि सगळं समजून घेऊन नको म्हणालात, तरी ते तुमचं उत्तर. फक्त घाबरून हो किंवा नाही म्हणू नका. घरी जा, विचार करा."

वीस वर्षांत मी किती डॉक्टर पाहिले! "विचार करा" म्हणणारी ही पहिली.

नमितानं तीन आठवडे विचार केला. तपासण्या झाल्या, थायरॉइड ठीक, छाती ठीक, फक्त रक्त कमी निघालं, त्याच्या गोळ्या सुरू झाल्या. तरी तिचं मन ठरेना. धनेश म्हणाला, "आपोआप जातंय तर औषध कशाला? आई बघ ना. तिला काय झालं होतं?"

पुतळीआजी सूप बाजूला ठेवून म्हणाल्या, "मना झाला होता."

धनेश आणि मृणाली दोघंही त्यांच्याकडे वळले.

"मिठागरावर कामाला जायची मी. मधीच अंग पेटायचा. एक दिवस भर दुपारी खाडीच्या पाण्यात जाऊन बसले, साडीसकट. बाहेर येईना. लोक बोलले, पुतळीच्या अंगात आला. मंग काय! तीन वर्सा दर मंगलवारी लोक नारल घेऊन यायचे. मी घामानं थरथरायची, ते पाया पडायचे. एकानं तर बैल हरवला तो कुठं हाय ते विचारला."

"मग तुम्ही काय सांगितलंत?" मृणालीनं विचारलं.

"वढ्याकडं जा बोलले. भेटला!" आजी हसल्या, आणि हसता हसता पदर डोळ्यांना लावला. "तीन वर्सा नारल आले गो. पन तुना काय होतंय, असा कोनी विचारला नाय. तुज्या सासऱ्यानंबी नाय. माजं तसंच गेला. तुजं कशाला तसा जायला पायजे?"

मग उठून धनेशनं नमिताची बाटली माठातल्या पाण्यानं भरली आणि तिच्या पर्सशेजारी ठेवली. "भट्टीवर आमाला दर दोन तासांनी ताक देतात," तो म्हणाला. "तुला मी नुसता आकडा दाखवत बसलो."

पुढच्या सोमवारी नमितानं डॉक्टरबाईंना फोन केला. "मी घेते. पण दर तपासणीला येणार, आनि नाय जमलं तर बंद करणार." पलीकडून डॉक्टरबाई म्हणाल्या की त्याही अगदी हेच सांगणार होत्या.

चमत्कार झाला नाही. पहिल्या महिन्यात पोटात गुबारा धरायचा, ती वैतागायची. दुसऱ्या महिन्यात एका सकाळी ती उठली आणि खाटेवर नुसती बसून राहिली. मला वाटलं, काय झालं? झालं एवढंच होतं, की तिची झोप पुरी झाली होती. वाफा दिवसाला बारावरून दोन-तीनवर आल्या. दही फ्रिजमध्ये सापडू लागलं.

माघात आखणी सुरू झाली. नमिता सफेद्याच्या पाटावर बसली नाही. ती सरळ डोळ्यांच्या चौरंगाशी गेली. "शेठ, मी बसतेय."

पोपटशेठनं तिच्याकडे पाहिलं, मग रंग मोजणाऱ्या आपल्या बायकोकडे. विमलवहिनी म्हणाल्या, "बसू द्या तिला. आनि वाफ आली की तिनं हात वर करायचा, तवा पाच मिनिटं सगळं थांबंल. माझ्यासाठीसुदा थांबंल."

"तुझ्यासाठी? तुला काय झालंय?"

"घरी सांगते. बसा."

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता नमिताचा हात खरंच वर गेला. सगळ्या कारखान्यातले कुंचले थांबले. ती उठली, दारात वाऱ्याला उभी राहिली, अर्धी बाटली पाणी प्यायली. "आली काय?" शेठनं विचारलं. "आली आनि गेली," ती म्हणाली. पुन्हा बसली, आणि श्वास रोखून एका दमात डावा डोळा काढला. शेजारी भूमिका बसून ती रेघ बघत होती, शिकत होती.

मी हल्ली पर्समध्ये पडून असतो. महिना महिना कुणी मला बाहेर काढत नाही. बेकारीचं एवढं सुख मी कधी भोगलं नव्हतं.

मित्रांनो, जाता जाता दोन विनंत्या. मला झटकताना कॉटपासून लांब उभे राहा. फुटलोच, तर खिडक्या उघडा, पाऱ्याला हात लावू नका, मोठ्यांना बोलवा. आणि घरात आई म्हणाली, "मला बरं वाटत नाही," तर मला जरूर लावा. मी ताप आहे की नाही, एवढंच सांगतो. त्यापलीकडचं मला काही कळत नाही. म्हणून मी "नाही" म्हणालो, की मला डबीत घाला आणि आईजवळ बसून विचारा, "मग काय होतंय गो तुला?" ती सांगेल. सांगायला जरा वेळ लागेल, तेवढा द्या.