वायसरचा वळसा

"हातात दे म्हणतोय मी. हातात."

मैदानाच्या कडेला उभ्या असलेल्या मेस्त्रींनी चौथ्यांदा हात पुढे केला. वायसरने आधी हाताकडे पाहिलं, मग मेस्त्रींकडे, आणि तोंडातला चेंडू नेहमीसारखा त्यांच्या मांडीला टेकवून सोडून दिला. चेंडू बुटावर आपटून गवतात गेला. मेस्त्री कण्हत वाकले.

चाळीस वर्षं पाण्याचे पंप दुरुस्त केलेला, नुसत्या आवाजावरून बिघाड सांगणारा माणूस. पण या कुत्र्याने त्यांना जेरीस आणलं होतं. "बाबा, आईपाशी बसून बसून तुम्हीही गंजाल," म्हणत लेकीने प्राण्यांच्या निवाऱ्यातून हा सहा वर्षांचा गडी आणून दिला होता. तसा वायसर महाहुशार. मेस्त्रींचा खांदा वळला की चेंडू कुठे पडणार ते ओळखून आधीच तिकडे पळायचा. पण चेंडू हातात देईल तर शपथ.

महिनाभर मेस्त्रींनी बिस्किटं चारली, दटावलं, दोन दिवस अबोलाही धरला. शेवटी निवाऱ्यातल्या डॉक्टरीणबाईंना फोन लावला.

"बाई, तुमच्या कुत्र्यात फॉल्ट आहे."

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. "फॉल्ट कसला हो? त्याचे आधीचे मालक चाकाच्या खुर्चीत असायचे. तिथूनच चेंडू टाकायचे आणि हा त्यांच्या मांडीवर आणून ठेवायचा. ते गेले, म्हणून तर तो आमच्याकडे आला. अजून मांडीच शोधत असेल बिचारा."

मेस्त्री चांगलेच ओशाळले. महिनाभर आपण चालू पंप खोलत बसलो होतो.

घरात खिडकीपाशी त्यांची बायको बसली होती, चाकाच्या खुर्चीत. अर्धांगाच्या झटक्याने उजवा हात गेला, जीभ जड झाली, त्याला आठ महिने झाले होते. एकेकाळी सगळ्या गल्लीला हाका मारणारी ही बाई दवाखाना सोडून कुठेही बाहेर पडली नव्हती. ती तिथेच, त्या खिडकीत हळूहळू मिटून जाईल, याची मेस्त्रींना फार भीती वाटायची. वायसर दिवसभर तिच्या खुर्चीला चिकटून असे. बिस्किटाचा चुरा सांडतो म्हणून, असं मेस्त्री धरून चालले होते. घरात चेंडू बंद हा नियम त्यांचाच. घरी आलं की चेंडू हत्यारांच्या पिशवीत जायचा.

"अगं, मैदानावर चल."

"नको. लोक... बघतात."

"बघू देत. माझं काम अडलंय. या शहाण्याला मांडी लागते, आणि मी एकदा गवतात बसलो की मला उठवायला चार माणसं लागतील."

ती अर्ध्या ओठांनी हसली. शेवटी डाव्या हाताने तिने स्वतःच खुर्चीचा ब्रेक सोडला.

मैदानात फिरायला आलेल्या दोघी बायका थबकल्या. तिने मान खाली घातली आणि निकामी हातावर शाल ओढून घेतली. तेवढ्यात वायसरने मांडीवर चेंडू ठेवला. तोही बरोबर डाव्या बाजूला. तिने तो उचलून फेकला, पण चेंडू जेमतेम चार पावलांवर जाऊन पडला.

"बघितलंत?" तिचे डोळे भरून आले. "घरी... चला."

वायसर मात्र उठला. त्याने चार पावलांवरचा चेंडू उचलला आणि परत न येता सुसाट निघाला. थेट पलीकडच्या कुंपणापर्यंत, तिथून गोलपोस्टला वळसा घालून, सगळं मैदान पालथं घालून, धापा टाकत आला आणि चेंडू तिच्या मांडीवर ठेवला.

हे त्याला कुणी शिकवलं नसणार. आधीच्या मालकाचा हातही शेवटी शेवटी एवढाच पोचत असेल आणि उरलेलं अंतर हा स्वतःच पळून भरून काढत असेल, हे मेस्त्रींना कळलं.

ती कुंपणाकडे बघत होती. "लांब... गेला," ती म्हणाली.

"हो," मेस्त्री म्हणाले. "बराच लांब गेला."

तिने हातावरची शाल बाजूला केली आणि चेंडू उचलला.