गौरम्माच्या नाकावरची माझी जागा

मित्रांनो, मी एक जुना चष्मा आहे. भिंगं जाड, काड्या काळ्या, आणि दोन्ही काड्यांना बांधलेली एक मळकी दोरी. ती दोरी कशी आली ते ऐकाल तर तुमच्याही अंगावर काटा येईल.

उदगीरच्या बाजारातून मी थेट गौरम्माच्या नाकावर येऊन बसलो. गौरम्मा गोधड्या शिवायची. जवळचं तिला मुळीच दिसत नसे, पण मी चढलो की सुईत दोरा एका दमात जाई. गल्लीतल्या बाया तिच्या टाक्याचं कौतुक करत आणि मी मनातल्या मनात फुगत असे.

लातूर नुकताच जिल्हा झाला होता आणि पावसानं पाठ फिरवली होती. गौरम्माचा नवरा संगप्पा धान्याचा दुकानदार. दुकानात आता रिकामी पोतीच उरली होती, घर सुईवर चाललं होतं. अशात माझं आसन डळमळू लागलं. नाकाच्या ज्या हाडावर मी टेकायचो, तिथं एक टेंगूळ येत होतं. दुखत नव्हतं, पण दगडासारखं कडक होतं. मी हळूहळू वर उचलला जात होतो, पण सांगणार कुणाला?

शेवटी संगप्पाच्या ते नजरेत भरलं.

"ह्या चष्म्यानंच घट्टा पाडलाय!" म्हणत त्यानं मला कोनाड्यात फेकलं. चोर सोडून संन्याशाला फाशी! मी धूळ खात पडलो, गौरम्मा बोटं टोचून घेत राहिली आणि टेंगूळ वाढतच गेलं. तरीही माझ्यावरचा आळ काही गेला नाही.

शेजारचा केरबा दुखण्यावर उपाय म्हणून गुराढोरांना डाग द्यायचा, वेळप्रसंगी माणसांनाही. एका सकाळी त्यानं गौरम्माला भिंतीशी बसवलं.

"काय लावता, केरबाभाऊ?"

"लेप हाय, वहिनी. डोळे मिटा."

कसला लेप! चुलीत पोती शिवायचं दाभण लालभडक तापलं होतं. त्या दाभणानं केरबा गाठ फोडणार होता. आधी सांगितलं तर माणूस अंग चोरतं, म्हणून सांगायचं नाही, अशी त्याची रीत. आणि संगप्पाही त्याला सामील! तोंड असतं तर मी घर डोक्यावर घेतलं असतं.

"लेप कसला ते बघू तर द्या," म्हणत गौरम्मानं चाचपडत कोनाड्यात हात घातला आणि मला डोळ्यांवर धरलं. वीतभरावर ते लाल टोक होतं.

"अव्वा गं! नाक जाळता का माझं?"

तिनं केरबाचा हात असा झटकला की दाभण अंगणात जाऊन पडलं.

दुसऱ्या दिवशी एसटीनं नवराबायको लातूरला गेली. डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे उजेडात धरला. नाकाच्या हाडात मधाच्या पोळ्यासारखी जाळी दिसत होती.

"बहुतेक ही रक्तवाहिन्यांची गाठ आहे," त्या म्हणाल्या. "हाडाच्या आतच वाढते. फार क्वचित आढळते. कर्करोग वाटत नाही, भिऊ नका. आणि चष्म्यानं ही होत नाही. पण कुणी टोचली असती तर रक्त आवरणं कठीण होतं."

"दाभण माझ्याच दुकानातलं व्हतं," संगप्पा पुटपुटला.

हाडाच्या तुकड्यासकट गाठ काढली. तपासली तेव्हा डॉक्टरीणबाईंचं म्हणणंच खरं निघालं. गौरम्मा बरी होऊन घरी आली, तिनं मला घातलं आणि मी घसरून तिच्या मांडीत पडलो. माझी बसायची जागाच गेली होती! निर्दोष ठरलो आणि बेघर झालो. आता पुन्हा कोनाडा, या विचारानं मला रडू आलं.

पण ज्यानं मला फेकलं होतं, त्याच संगप्पानं दोरी वळली, माझ्या काड्यांना बांधली आणि स्वतःच्या हातानं मला बायकोच्या डोळ्यांवर चढवलं.

"दाभण कुठं हाय?" तिनं विचारलं.

"टाकलं कोरड्या इहिरीत."

मित्रांनो, आम्हा चष्म्यांना जपा. अंगावर गाठ दिसली तर उगाच कुणावर आळ न घेता डॉक्टरला दाखवा. आणि औषध लावताना कुणी डोळे मिटा म्हणालं, तर आधी चष्मा मागा.