घरी कोण कोण असतं?

प्रबोधने ॲपचे सगळे स्क्रीन छापून फळ्यावर ओळीने चिकटवले होते. आवाजावर चालणारा त्यांच्या कंपनीचा छोटा स्पीकर, निया, घरी आणल्यावर आधी फोनवरच्या ॲपमधून सुरू करावा लागे, आणि बरेच लोक ते काम अर्ध्यावर सोडून देत. ही सगळी वाट नव्याने आखायचं काम निशिगंधाकडे होतं. मधे तिचे वडील गेले आणि ते दोन महिने मागे पडलं.

"इथे गाडी अडते," प्रबोधने एका स्क्रीनवर बोट ठेवलं. त्यावर इंग्रजीत विचारलं होतं, घरी कोण कोण असतं? प्रत्येकाचं नाव घालायचं, मग प्रत्येकाने चार वाक्यं बोलायची, म्हणजे नियाला आवाज ओळखू येतो. "उत्साहाने नावं घालतात पाच आणि बोलतो एक. बाकीचे नुसते पडून. मी म्हणतो, महिनाभर ज्याचा आवाज नाही, त्याचं नाव आपणच काढून टाकू. शुक्रवारच्या अपडेटमध्ये."

"न विचारता?"

"अगं, जो बोलतच नाही त्याला ठेवून काय करायचंय? भाडेकरू असेल, गेला असेल सोडून. नाहीतर एखादीचा बॉयफ्रेंड."

प्रबोधही तिच्यासारखाच पुण्याहून इथे परदेशात नोकरीला आलेला. बाबांच्या अंत्यविधीला रजा काढून आला होता, नंतर आठवडाभर त्याच्या घरून डबा येत होता. माणूस वाईट नव्हता.

स्क्रीनवरचा तो प्रश्न तिचाच होता. आधी तिथे 'वापरकर्ते जोडा' असं काहीतरी रुक्ष लिहिलेलं होतं. आपल्याकडे ओळख झाली की पहिला प्रश्न घरच्यांचा, म्हणून तिने तो सुचवला, आणि सगळ्यांना आवडला.

आई गेल्यावर बाबा पुण्याहून तिच्याकडे, इथल्या बुकित बातोक भागातल्या फ्लॅटमध्ये राहायला आले, तेव्हा तिने एक निया घरी आणला. बाबा म्हणाले, मीच लावतो. तिचा फोन घेऊन, चष्मा नाकावर ओढून बसले. या प्रश्नापाशी आले आणि त्यांनी एकेका बोटाने नावं लिहिली: रवींद्र, निशिगंधा, साधना.

"बाबा, आई कशी?"

"घरी कोण असतं म्हणून विचारलंय. तिला वगळून कसं सांगायचं?"

पुढच्या स्क्रीनवर फोनने साधनाला बोलायला सांगितलं. गोल चकती फिरत राहिली. बाबांनी एकदा लेकीकडे पाहिलं, घसा खाकरला आणि आईची चारही वाक्यं स्वतःच म्हणून टाकली, जरा हळू आवाजात.

त्यामुळे नियाचा कायमचा गोंधळ झाला. सकाळी बाबा विचारायचे, आज पाऊस येईल का? त्यावर कधी 'गुड मॉर्निंग, रवींद्र' यायचं, कधी 'गुड मॉर्निंग, साधना'.

"मी दुरुस्त करून देते," ती म्हणाली होती.

"राहू दे गं. तेवढंच कुणीतरी नाव घेतं तिचं."

"आणि पावसाचं काय विचारता रोज? इथे तो येतोच."

"विचारायला काय जातं?" असं म्हणून ते नियाला 'थँक यू' म्हणायचे. ते कधी चुकलं नाही.

आता शुक्रवारी ती दोन नावं कोणाला न विचारता जाणार होती. तीही तिच्याच हाताखालून.

"आपण विचारू या," ती प्रबोधला म्हणाली. "इतके दिवस आवाज ऐकला नाही, नाव ठेवायचं की काढायचं? दोन बटणं."

"म्हणजे आणखी एक स्क्रीन. स्क्रीन वाढला की माणसं गळतात, हे तूच शिकवलंस मला."

"सुरुवातीला नाही वाढणार. आवाज देणं मी सुरुवातीतून काढूनच टाकते. आधी वापरू देत त्यांना. घरी कोण असतं ते नंतर विचारू, सावकाश."

प्रबोधने फळ्यावरचे दोन कागद काढून पाहिले. मधली रांग बरीच आखूड झाली.

"हे बरं दिसतंय," तो म्हणाला. "पण 'ठेवा' कोण दाबणार?"

"दाबेल कोणीतरी."

त्याने तिच्याकडे पाहिलं. मग हातातले कागद उगाचच नीट केले.

"खाली कारणाचा रकाना ठेवायचा का?"

"नको. कारण नको विचारायला."

"ठीक आहे. घरच्या नियावर चालवून बघ आणि मला कळव."

गुरुवारी संध्याकाळी चाचणीचं ॲप फोनवर घेऊन ती एमआरटीने, म्हणजे इथल्या मेट्रोने, घरी निघाली. इमारतीखालच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या एका गाळ्यावर, बोटाने दाखवून भाजीभात बांधून घेतला. गाळ्यावरच्या काकू ओळखीच्या होत्या, त्यांनाही काही विचारावं लागलं नाही. घरी निया खिडकीपाशी बाबांच्या खुर्चीशेजारी होता. ती त्यावरची धूळ पुसत असे. बंद मात्र तिने तो केला नव्हता.

तिने ॲप उघडलं. तिने लिहिलेलं वाक्य आलं: या घरातल्या काही जणांचा आवाज बरेच दिवस ऐकलेला नाही. खाली नावं होती.

रवींद्र. साधना. निशिगंधा.

काहीतरी चुकलं, असं तिला आधी वाटलं. तिने यादी पुन्हा मागवली. पुन्हा तीच तीन नावं आली. चूक नव्हती. बाबांना पोचवून आल्यापासून ती या घरात बोललीच नव्हती. पुण्याहून आत्याचे फोन यायचे, त्यांना ती नंतर मेसेज लिहून उत्तर द्यायची. या तिघांपैकी कोण कशामुळे गप्प आहे, हे कळायला नियाकडे काही मार्ग नव्हता. तिन्ही नावांसमोर तीच दोन बटणं होती.

बाबांच्या नावासमोर तिने 'ठेवा' दाबलं. आईच्याही. तिसऱ्या नावाशी अंगठा थांबला.

तिने घसा खाकरला.

"हॅलो, निया." आवाज घोगरा आला. तरी दिवा लागला. तिला दुसरं काही सुचेना, म्हणून तिने विचारलं, पाऊस येईल का?

"गुड ईव्हनिंग, निशिगंधा," निया म्हणाला. बुकित बातोकमध्ये रात्री सरींची शक्यता आहे, असं त्याने सांगितलं. फोनवरच्या यादीतून तिचं नाव गेलं. तिथे आता दोनच उरली, पुढे 'ठेवलं' अशी खूण असलेली.

"थँक यू," ती म्हणाली.

दिवा विझला. तिने प्रबोधला लिहिलं, 'स्क्रीन बरोबर चालतोय', आणि भाताचं पुडकं उघडलं.